चौफुलीवरचं पान

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ग्रीकांचे जुने देव पुजणारी मी एकटीच. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, आपले कमी पडले का? नाही पडले. लॉकडाऊनमध्ये वाचता वाचता त्या देवांत मन रमलं आणि तिथेच राहिलं, एवढंच. घरच्यांनीही फार मनावर घेतलं नव्हतं. हेस्तिया ही चुलीची देवता, तिला रोज पहिला घास आणि दिवा. आई म्हणाली, "दिवाच आहे ना, लाव." दादा चिडवायचा, "तुझ्या फॉरेनच्या देवांना मिसळ चालते का गं?" मला ते आवडायचं.

त्यांचा महिनाही चंद्रावर चालतो, म्हणून माझे सण मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच बघते. महिना संपताना, म्हणजे आपल्या अमावस्येला, घर झाडून काढायचं आणि संध्याकाळी हेकाती देवीचं पान चौफुलीवर ठेवून यायचं. उकडलेलं अंडं, लसूण, भाकरी. घरातली इडापिडा तिने घेऊन जावी म्हणून. ठेवल्यावर मागे वळून पाहायचं नाही.

इतकी वर्षं मी ते पान लांब, मोकळ्या प्लॉटांपलीकडे ठेवायचे. यंदा दादाला मुलगी झाली. वहिनी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली आणि चारच दिवसांत अमावस्या आली. बाळासाठी ठेवायचं तर घराजवळच्या चौफुलीवरच, असं माझ्या मनाने घेतलं. मूर्खपणा, दुसरं काय. शेजारच्या काकूंना गॅलरीतून जे दिसलं ते असं: अमावस्या, अंडं आणि मागे न बघता झपाझप येणारी बिनलग्नाची नणंद.

दुसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, नवजात बाळांना होते तशी कावीळ आहे, उतरेल. पण तोवर काकू येऊन सांगून गेल्या होत्या. वहिनीची आई बाळंतपणासाठी सटाण्याहून आली होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "हाऊ उताराच शे." मी समजावलं, मोबाईलवर वाचून दाखवलं. तिने बाळ पदराआड घेतलं.

कावीळ उतरली. बाराव्या दिवशी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि मी तर कधीपासून त्या दिवसाची वाट बघत होते. पाहुणे यायच्या आधी दादाने मला बाजूला घेतलं.

"आज तू नको सांगूस नाव. बाळाची मावशी सांगेल. तुझ्या वहिनीच्या माहेरच्यांचं मन राखू."

"तुला तरी माहीत आहे ना, मी काय ठेवलं होतं ते?"

"मला माहीत आहे गं. म्हणून तर म्हणतो, विषय वाढवू नकोस."

माहीत नसतं तर मी त्याला माफ केलं असतं. आई पाळण्याला फुलं बांधत होती. तिने सगळं ऐकलं आणि आणखी एक फूल बांधलं.

आत्याच्या पाठीत पडायचे ते बुक्के मावशीच्या पाठीत पडले. सगळे हसले. मी घुगऱ्या वाटत होते. दुपारी पाळणा रिकामा करताना फक्त एकदा मी बाळाला उचललं.

संध्याकाळी बाळ रडू लागलं. वहिनीच्या आईने मीठ-मोहरी आणि भाकरीचा तुकडा बाळावरून ओवाळला आणि मुठीत घेऊन ती खाली उतरली. कुणाची दृष्ट काढली, हे मला विचारावं लागलं नाही. मी गॅलरीतून बघत होते. मी पान ठेवलं होतं त्याच चौफुलीवर तिने ते टाकलं आणि मागे न बघता झपाझप परत निघाली. काकूही त्यांच्या गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी समाधानाने मान हलवली.

दार मीच उघडलं. बाहेरून आल्यावर पायांवर घ्यायला पाण्याचा तांब्या तिच्यापुढे धरला. तिने तो माझ्या हातून घेतला नाही.