हाडाच्या मुठीवरचे घाव

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढंसुद्धा नीट उच्चारलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, कुणास ठाऊक. फक्त ऐका. मधेच ‘असू दे, होतं असं’ म्हणू नका, माझं डोकं फिरतं.

माझं दुकान सोलापुरात, सात रस्त्यापासून जरा आत, बोळात. जुनी हत्यारं दुरुस्त करायचं. धार लावायचं नव्हे हां — ते कुणीही करतं. लोकांच्या घरात पणज्यानं पलटणीतून आणलेला खंजीर असतो, त्याची मूठ खुळखुळत असते, मुठीखालची पितळी पट्टी हलत असते. ते घट्ट करायचं आणि जुन्याला ओरखडाही येऊ द्यायचा नाही. या कामात माझा भागीदार होता नरसय्या. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, आधी यंत्रमागावर फिटर. घरी तेलुगू, दुकानात आमच्यासारखंच मराठी. मी त्याला अण्णा म्हणायचो.

त्याचा धर्म एकच — ठोकायचं नाही. मूठ आतून जुन्या लाखेवर बसवलेली असते. ती लांबून ऊब देऊन मऊ करायची, पट्टीखाली चामड्याची पातळ चकती सरकवायची, सगळं जागेवर बसवून दोऱ्यानं आवळायचं आणि दिवसभर हात लावायचा नाही. ‘घाई असली तर गिऱ्हाइकाला परत पाठव,’ म्हणायचा. ‘हाड एकदा तडकलं की मेलं रे.’

मला त्याचा राग यायचा. लई. पाटीवर नाव माझं, दुकान माझ्या बापाचं, आणि पुण्याचा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विचारणार — नरसय्याकाका आहेत का? मी काय तिथं झाडू मारायला बसलो होतो? त्याच्या शेजारी काम करता करता मी मनातल्या मनात त्याला थोबाडायचो. खरंच सांगतो. दात पडेपर्यंत. आणि तोंडानं म्हणायचो, ‘अण्णा, चहा सांगू का?’

नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला मांडतात, त्यामुळं आधीचा आठवडा आम्हाला मान वर करायला फुरसत नसते. होटगीकडच्या मल्लिनाथनं पणजोबाचा खंजीर आणून दिला होता. हाडाची मूठ, पिवळी पडलेली, धरून धरून त्या म्हाताऱ्याच्या बोटांचे खळगे पडलेले. नरसय्यानं ती बसवली, दोरा आवळला आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेला. जाताना बजावून गेला, ‘उद्या सकाळपर्यंत दोरा सोडू नको.’

मी दुपारी सोडला. मूठ किंचित हलली. लाख अजून आळली नव्हती, दुसरं काय! पण मला वाटलं — सापडला. नरसय्याचं काम कच्चं निघालं. आता मी करून दाखवतो. पात्याचं लोखंड मुठीच्या टोकाला जरासं बाहेर येतं, तिथं हातोडी घातली. एक. दोन. तिसऱ्याला — कट्. वरपासून खालपर्यंत उभी चीर. मी काय केलं असेल? चिरेत मेण भरलं, वर काजळी चोळली आणि दोरा होता तसाच आवळून ठेवला.

सकाळी मल्लिनाथ आला, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून. रात्रीच परतलेल्या नरसय्यानं स्वतःच्या हातानं दोरा सोडला आणि खंजीर त्याच्यापुढं धरला. मल्लिनाथनं मूठ आवळली आणि अर्धी त्याच्या हातात आली. खंजीर पायाशी पडला. पूजेच्या दिवशी.

‘कुनी फोडलं हे?’ असा ओरडला की समोरचा पानवाला उठून उभा राहिला.

नरसय्या वाकून तुकड्याकडं बघत होता. मेण दिसलं त्याला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि तो काही बोलायच्या आत मी बोललो — ‘अण्णांचा हात हल्ली थरथरतो, मल्लिनाथराव. मी नको म्हणत होतो.’

थरथरत नव्हता. कधीच नव्हता.

नरसय्याचा उजवा हात ऐरणीवर टेकलेला होता. मल्लिनाथनं माझीच हातोडी उचलली. पहिला घाव बोटांवर. कट् — अगदी आदल्या दुपारसारखा आवाज. दुसरा मनगटावर. नरसय्या ‘अम्मा’ म्हणून खाली बसला, तरी मल्लिनाथनं तो हात ओढून तिसरा घातला. माझ्या शर्टावर रक्त उडालं. मल्लिनाथ माझ्यापुढं काटकुळा माणूस, मी तीन पावलांवर उभा. एका हातानं आवरला असता.

का नाही आवरला? घाबरलो म्हणून? तसं असतं तर हे सांगायला एवढी वर्षं लागली नसती. मला बरं वाटलं हो. घाव पडत होते आणि मी आतल्या आत म्हणत होतो — अजून एक. घाल अजून एक.

दवाखान्यात नरसय्यानंच सांगितलं, ‘ऐरणीवरचं लोखंड घसरलं.’ का सांगितलं, मी विचारलं नाही. त्या हातात आता पेन्सिलही टिकत नाही. तो घरी बसतो आणि पुण्याचे फोटो मला येतात.

गेल्या महिन्यात मल्लिनाथ दुकानात आला. केस पिकलेत. ‘मला झोप लागत न्हाई. अण्णांची माफी मागायची हाय, माझ्यासंगं चला की.’ गेलो. नाही कसं म्हणणार? तिथं त्यानं नरसय्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. ‘म्हाताऱ्याचा हात थरथरला म्हणून मी तोडला हो! मानूस न्हवं मी!’

नरसय्यानं त्याला उठवलं. ‘राग कुणाला येत नाही? बसा.’ मग माझ्याकडं वळला. रागानं नाही. म्हणाला, ‘तुला काय बोलायचं आहे का रे?’

मल्लिनाथही डोळे पुसून माझ्याकडं बघायला लागला. नरसय्याची बायको चहा घेऊन दारातच थांबली. नऊ वर्षांनी, त्याच माणसानं, मला बोलायची वाट करून दिली होती.

मी म्हणालो, ‘चहा गार होतोय, अण्णा.’

त्यानं मान हलवली आणि डाव्या हातानं कप घेतला. मी माझा संपवला.