चुन्यात पेज किती

बायको गेली त्याला आठ महिने झाले. मी गवंडी माणूस, शाळा चौथीपर्यंत, लिहिण्याची सवय नाही. पण डोक्यात जो गुंता झाला आहे तो कुणाला सांगून सुटत नाही, म्हणून नातीच्या जुन्या वहीत लिहून ठेवतो आहे.

झालं असं, की दिवाळीनंतर एक मॅडम नागपुरात नंदनवनला आमच्या घरी आली. जुन्या इमारती दुरुस्त करणारी, माझ्या पोरीच्या वयाची. सिव्हिल लाइन्समधल्या एका इंग्रजांच्या वेळच्या कचेरीचं काम तिच्याकडे होतं. तिथल्या म्हाताऱ्या चौकीदारानं तिला सांगितलं होतं, चुन्याचं काम येणारा एकच मिस्त्री जिता आहे. मला बरं वाटलं. खोटं काहून बोलू, बायको गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं. म्हटलं, हो, तो मीच.

ती इमारत मला माहीत होती. तरुणपणी मी आणि बायको दोन हंगाम तिथं कामाला होतो. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांची भिंत, आणि भिंत इतकी रुंद की दुपारी जेवण झालं की मी खिडकीच्या खाचेत आडवा होऊन झोपायचो. चारी बाजूंनी व्हरांडा. व्हरांड्याच्या कमानीत कुठं लोखंडाचा तुकडा नाही, विटाच एकमेकींना धरून आहेत. छताजवळ लहान लहान खिडक्या, दोरी ओढली की उघडतात आणि गरम हवा वरून निघून जाते. मे महिन्यात बाहेर डांबर चपलेला चिकटायचं आणि आत फायली लिहिणारे बाबू पंख्याशिवाय बसलेले असायचे. ज्यानं बांधली त्याला नागपूरचं ऊन कळलं होतं. आता नवीन घरं बांधतात त्यांना ते कळत नाही, माझं स्वतःचं घर धरून.

पण खरी गोष्ट चुन्याची. जुनी भिंत पावसाळ्यात जमिनीतून पाणी ओढते. वरचा गिलावा चुन्याचा असला तर ते पाणी हिवाळ्यात हळूहळू निघून जातं. सिमेंटचा असला तर आतच कोंडतं आणि वीट सडते. उत्तरेकडच्या व्हरांड्यात हेच झालं होतं. मॅडमनं बोट लावलं तर विटेचा भुगा पडला. ती म्हणाली, इथं सिमेंट चोपडणारा माणूस सापडला पाहिजे. मी दुसरीकडे पाहत होतो. तो माणूस मीच होतो.

ठेकेदाराला सगळा व्हरांडा सिमेंटनंच करायचा होता. वरच्या साहेबानं मॅडमला मुदत दिली होती: संक्रांतीपर्यंत चुन्याचा नमुना बिनभेगेचा करून दाखवा, नाही तर सिमेंट. म्हणजे भिंत वाचणार की सडणार, ते माझ्या नमुन्यावर होतं.

मी ऐटीत प्रमाण सांगितलं. विझवलेला चुना एक, कन्हान नदीची रेती दोन, थोडी सुरखी म्हणजे विटेची भुकटी, गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. मॅडमनं लिहून घेतलं. पाचव्या दिवशी नमुन्याला अशा भेगा गेल्या, जसा तलाव आटल्यावर गाळ फाटतो. दुसरा केला, तोही फाटला. ठेकेदार येऊन हसून गेला. मॅडमनं विचारलं, बाबा, काही राहून तर नाही गेलं?

मी रेतीला नाव ठेवलं. घरी आलो, जेवलो नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी उभ्या आयुष्यात चुन्याचा माल कालवलेलाच नाही. कालवायचं काम रेजाचं, म्हणजे बाईमजुराचं, आणि माझी रेजा माझी बायको. ती इमारतीच्या मागं हौदाजवळ असायची, मी वर परांचीच्या बांबूवर. मी ओरडायचो, माल आण वं, आणि माल यायचा. चाळीस वर्षं मी मालाचा मिस्त्री म्हणून मिरवलो आणि माल तिचा होता.

दुसऱ्या दिवशी उमरेडची बस धरली. तिथं तिची मोठी बहीण असते. ते घराणं विणकराचं. माग कधीच विकले, पण ओसरीत मागाचा खड्डा अजून आहे, त्यात कांदे ठेवतात. मी विचारलं, तुमची बहीण चुन्यात काय टाकत होती? ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"भाऊजी, तुमी तिच्यासंगं चाळीस वर्स राहिले, अन् मले विचारून राहिले?"

"मले माहीत नाही म्हणून तं आलो, बाई."

"खळ टाकत होती. आमी मागावर ताण्याच्या सुताले लावत होतो तशी. तांदुळाची पेज. सूत तुटत नाही तं भिंत काहून फाटन, असं म्हणे ती."

मी म्हटलं, मग मला काहून नाही सांगितलं.

"तुमी मिस्त्री, ती रेजा. रेजानं मिस्त्रीले शिकवलेलं तुमाले चाललं असतं काय?"

 मी किती टाकायची, ते विचारलं. ती म्हणाली, ते तिच्या हातात होतं, तिचा हात आता कुठून आणायचा. मग चहा ठेवायला उठली आणि चुलीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये मला पेजेचा डबा आठवला. ती भाकरीसोबत ॲल्युमिनियमच्या डब्यात पेज आणायची. मला वाटायचं ती तिच्या पिण्यासाठी असते. एकदा उन्हातून उतरलो आणि ती अख्खी पिऊन टाकली. ती म्हणाली, "सगळी पेली? आता मालात काय टाकू मी?" मी हसलो. मला ती थट्टा वाटली. त्यानंतर आठवड्यानं एक भिंत फाटली, मी रेतीवाल्याला शिव्या दिल्या आणि वरून सिमेंट ओढून मोकळा झालो. उत्तरेकडच्या भिंतीला सिमेंट मीच ओढलं ते पक्कं, पण पेज प्यालो तेव्हा फाटली ती तीच होती काय? असावी. पण पेज पिण्याचा दिवस आणि भिंत फाटण्याचा आठवडा एकाच हंगामातले की दोन वेगळ्या हंगामांतले, ते मी किती ताण दिला तरी जुळत नाही. कधी वाटतं मीच जुळवून राहिलो, स्वतःला शिक्षा म्हणून.

सुनेनं पेज करून दिली. ती मनातून म्हणत असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, पण तोंडानं बोलली नाही. मी कचेरीच्या मागच्या भिंतीवर चार चौकोन केले. पहिल्यात एक टमरेल पेज, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. चौथ्याच्या वेळी मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही, बहुतेक तिचाच, न सांगता गेली म्हणून. मोजलं नाही. थापीवर माल घ्यायचो, पाहायचो, परत टाकायचो, पेज ओतायचो. तिचा माल थापीवरून कसा सुटायचा ते मनगटाला माहीत होतं. चिकटायचा नाही आणि घसरायचाही नाही. तसा झाला तेव्हा लावला.

पहिला फाटला. दुसऱ्याला बारीक भेगा आल्या. तिसरा नरम राहिला, नखानं उकरता येत होता. चौथा मात्र लावला तसाच टिकला, ना भेग ना नरम. संक्रांतीच्या दोन दिवस आधी साहेब आला, टिचकी मारून पाहिली, ओला बोळा फिरवला आणि चुना लावा म्हणाला. ठेकेदार फोनवर बोलत निघून गेला.

मॅडम वही घेऊन आली. पेज किती?

मी म्हटलं, माहीत नाही.

तिला वाटलं मी लपवतो आहे. म्हणाली, "बाबा, तुमच्यानंतर हे कोण सांगणार?" मी म्हटलं, लपवायला माझं असायला पाहिजे ना. तुम्ही मोजून ओता, मी थापी धरतो. मग ती टमरेलानं ओतत गेली आणि मी अजून, अजून म्हणत गेलो. एका ठिकाणी बस म्हटलं. आकडा तिनं लिहिला. तो बरोबर की एखादं टमरेल कमीजास्त, देव जाणे. मी बस म्हटलं तेव्हा माझी खात्री नव्हती.

वहीत कारागिराच्या नावाचा रकाना होता. मी बायकोचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाली, आणि तुमचं? मी म्हटलं, माझं उत्तरेच्या भिंतीच्या सिमेंटजवळ लिहा. ती हसली नाही. मग सांगून टाकलं की चोपडणारा मीच. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. लिहिलं ते इंग्रजीत. मला वाचता आलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

व्हरांड्याचं काम आता निम्म्यावर आलं आहे. खाली दोन नवीन रेजा आहेत, सावनेरकडच्या. त्यांनी विचारलं, बाबा, एवढीच पेज काहून? मी सांगायला लागलो आणि मधेच थांबलो, कारण मला एवढीच का ते कळत नाही. तिनं मला कधी सांगितलंच नाही, की हौदाजवळून शंभरदा सांगितलं आणि मी वरून फक्त माल आण म्हणत राहिलो, हेही कळत नाही. त्या दोघी हात थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, थापी धरून पाहा, मग बोलू. आणि थापी त्यांच्या हातात दिली.