जाम न झालेलं इंजिन

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने दचकून चालत नाही. आणि गल्लीत सगळे ज्यांना ‘लिफ्टवाले’ म्हणूनच ओळखायचे, ते गृहस्थ उभ्या नोकरीत कधी दचकले नव्हते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आतून दार बडवायची, रडायची, एखादा तर शेवटची निरवानिरव करायला लागायचा. लिफ्टवाले वरून शांतपणे विचारायचे, “काय हो, पंखा चालू आहे ना आत? मग बसा निवांत. बाहेर ऊन मी म्हणतंय.” आतला माणूस चिडायचा, आणि चिडला की रडायचं विसरायचा. तोवर लिफ्टवाल्यांचं काम झालेलं असायचं.

अशा माणसाचं एकच दुखणं होतं, आणि ते घराच्या मागच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं.

ऐन तारुण्यात त्यांनी एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. लाल, बिनछपराची, दोनच सीटची. इतकी बुटकी, की लग्नानंतर बायकोने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं, “हिच्यात बसायचं, की ही पायात घालायची?” मग दर सुट्टीला दोघं त्या गाडीतून हुंदडायला लागली. एकदा उतारावर ब्रेकचा पाइप फुटला. पेडल तळाला टेकलं, गाडी काही थांबेना, आणि पुढच्या गर्दीत घुसण्यापेक्षा बरं म्हणून लिफ्टवाल्यांनी ती एका दगडी भिंतीवर घातली. त्यांना खरचटलंसुद्धा नाही. बायकोच्या उजव्या पायाचा मात्र चुरा झाला. कितीतरी महिने ती अंथरुणावर होती. उठली ती लंगडतच.

गाडी ओढून आणली गेली. वाकलेला पत्रा कसाबसा सरळ झाला, वरून ताडपत्री पडली आणि गॅरेजला कुलूप लागलं. त्यानंतर घरात ‘गाडी’ हा शब्द निघाला की लिफ्टवाले उठून बाहेर जायचे. बायकोनेही मग तो शब्द काढणं सोडलं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दिवसभर उभं राहून पाय सुजला तरी चकार शब्द काढायची नाही. त्या न बोलण्याचा लिफ्टवाल्यांनी आपल्या परीने अर्थ लावला होता. हिला त्या गाडीचं तोंडही बघायचं नाही, आणि ते बरोबरच आहे.

तीसेक वर्षं गेली. लिफ्टवाले निवृत्त झाले. मुलगी फिजिओथेरपी शिकून हाताशी आली, तिला पेशंट बघायला जागा हवी होती.

“बाबा, गॅरेज दे ना मला,” ती म्हणाली. “तो डबा विकून टाक. माझ्या ओळखीतला एक जुन्या गाड्यांचा वेडा आहे. इंजिन नुसतं फिरलं तरी तो घेईल म्हणतोय. नाही फिरलं तर भंगारवाला आहेच.”

डबा म्हटल्याचं त्यांच्या जिव्हारी लागलं, पण ते बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेल्याचं बघून त्यांनी गॅरेज उघडलं.

इतकी वर्षं पडलेलं इंजिन आतून गंजतं, पिस्टन सिलिंडरला धरून बसतात आणि ते हत्तीनेही हलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जाताना त्यांनी मोठा पाना आणि पान्यावर चढवायला हातभर लांब लोखंडी नळी घेतली होती. बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी प्रशस्त संसार थाटलेला होता, रबरी पाइप तडकले होते, वायरी कुरतडलेल्या. सगळं अपेक्षेप्रमाणे. त्यांनी प्लग काढायला घेतले. प्लग मात्र काल बसवल्यासारखे अलगद निघाले. ते किंचित थबकले, पण फार विचार केला नाही. इंजिनच्या पुढच्या मोठ्या नटावर पाना लावला, वर नळी चढवली, पाय रोवले आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून खेचलं.

इंजिन लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं आणि लिफ्टवाल्यांची हनुवटी मडगार्डवर आपटली.

ते तसेच खाली बसले. हनुवटीतून रक्त येत होतं, त्याचं भान नव्हतं. थोड्या वेळाने उठून त्यांनी प्लगच्या भोकातून टॉर्चचा उजेड आत टाकला. आत तेलाची ओली चमक होती. ताजं तेल. बंद गॅरेजमध्ये, आपल्या घरात, आपल्या नकळत कुणीतरी येत होतं.

मुलगी धावत आली. “बाबा, रक्त! काय झालं?”

“चोर,” लिफ्टवाले म्हणाले. “कुणीतरी आत येऊन इंजिनात तेल घालून जातंय.”

“तेल घालून जाणारा चोर?” मुलगी हसायला लागली. “मग त्याला माझ्या स्कूटरकडेही पाठव की.”

तेवढ्यात बायको पिशवी घेऊन दारात उभी. तिने उघडं बॉनेट पाहिलं, नवऱ्याची हनुवटी पाहिली आणि पिशवी खाली ठेवली.

“मी घालते तेल,” ती म्हणाली.

लिफ्टवाल्यांना वाटलं, आपल्या डोक्याला मार बसलाय. “तू?”

“हो, मीच. नाक्यावरचे मिस्त्री होते ना, देवाघरी गेले ते? त्यांनी शिकवलं होतं. प्लग काढायचे, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडायचं, पाना लावून इंजिन दोन-चार वेळा फिरवायचं, पुन्हा प्लग लावायचे. तुम्ही कामावर गेलात की किल्ली घेऊन कुलूप काढायचे आणि अधूनमधून हे करायचे.”

“इतकी वर्षं?”

“मग काय, एकदा करून भागतं होय?”

“अगं पण का? तुला तर ती गाडी डोळ्यांसमोर नको होती!”

आता दचकायची पाळी तिची होती. “मला? मी असं कधी म्हटलं?”

लिफ्टवाल्यांनी आठवून पाहिलं. खरंच, कधीच म्हटलं नव्हतं.

“हॉस्पिटलात असल्यापासून मी वाट बघत होते,” बायको म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. “बरी झाले की पुन्हा भटकू म्हणून. घरी आले तर गॅरेजला कुलूप. विषय काढला की तुम्ही उठून चालते व्हायचात. मला वाटलं, तुमच्या मनात भीती बसलीय. आज ना उद्या जाईल. तोवर गाडी मरायला नको. तुम्ही माझ्यासाठी गाडी सोडलीत, पण मला एका शब्दाने विचारलंत का?”

मुलगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. मृत्यूच्या दारातल्या माणसांशी गप्पा मारणारे लिफ्टवाले घरच्या बाईसमोर मात्र नुसते हनुवटीचं रक्त पुसत राहिले. अपघातानेही ते इतके हादरले नव्हते.

पुढचे दिवस ते गॅरेजमध्येच होते, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. त्याला व्हार्निशसारखा वास येत होता. कार्बुरेटर उघडून धुतले, वायरी बदलल्या, नवीन बॅटरी आणली. हात करत होते आणि डोकं मागची वर्षं उलटीपालटी करून बघत होतं. हिच्या नखांतला काळा मळ आपण चष्म्याच्या दुकानातला समजत होतो. मध्येच ते पाना हातात धरून नुसते उभे राहायचे.

शेवटी एका दुपारी किल्ली फिरवायची वेळ आली. बायको एक पोतं भिजवून घेऊन आली आणि बाजूला उभी राहिली.

“हे कशाला?”

“असू दे. तुम्ही करा चालू.”

त्यांनी किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, इंजिन खोकलं, आणि ‘फाट्’ असा बार होऊन कार्बुरेटरमधून हातभर जाळ वर आला. मुलगी किंचाळली. लिफ्टवाले सीटवर खिळून राहिले. नव्या वायरींपाशी पोचलेला जाळ त्यांना दिसत होता, पण हात उचलेनात. बायको लंगडत पुढे झाली, तिने ओलं पोतं जाळावर दाबून धरलं आणि धूर निघायचा थांबेपर्यंत सोडलं नाही.

“मिस्त्री म्हणाले होते,” ती धापा टाकत म्हणाली, “बरीच वर्षं पडलेली गाडी पहिल्यांदा उलटं थुंकते. आता खाली उतरा आणि नीट बघा काय चुकलंय ते.”

ते उतरले. प्लगच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. उभ्या आयुष्यात त्यांनी वायर चुकीच्या जागी जोडली नव्हती. त्यांनी त्या बदलल्या, तीन-तीनदा तपासल्या आणि पुन्हा किल्ली फिरवली.

या वेळी इंजिनने आधी एक आचका दिला, मग दुसरा, आणि मग ते एकदम गरजलं. पत्र्याचं दार थरथरलं, उंदरांचा उरलासुरला संसार धुराच्या पाइपातून बाहेर उडाला, शेजारचे काका दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून कंपाउंडवरून डोकावले. लिफ्टवाल्यांनी तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाहिलं. काटा चढून स्थिर झाला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती दोन्ही हातांनी बॉनेट धरून उभी होती आणि रडत होती.

“बंद करू का?” ते घाबरून ओरडले.

“खबरदार बंद कराल तर!”

जुन्या गाड्यांचा वेडा त्याच आठवड्यात आला. इंजिन ऐकून तो हरखून गेला, पण बायकोनेच त्याला चहा पाजून परत पाठवलं. मुलीला गॅरेजऐवजी घरातली पुढची खोली मिळाली. ब्रेकचा मात्र लिफ्टवाल्यांनी एकही जुना भाग ठेवला नाही. पाइप, पेडल, चाकांमधले पॅड, सगळं नवं घातलं, आणि समाधान होईपर्यंत गॅरेजच्या तोंडाशीच गाडी मागेपुढे करत बसले.

पहिल्यांदा रस्त्यावर निघाले तेव्हा ते इतके हळू चालवत होते, की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

“अहो,” बायको म्हणाली, “जरा पळवा की.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. वाऱ्याने विस्कटलेले पांढरे केस, समोर रस्त्यावर लागलेले डोळे. इतकी वर्षं जिच्याबरोबर जेवलो, झोपलो, ती ही बाई आपल्याला ठाऊकच नव्हती, असं त्यांना पुन्हा एकदा लख्ख जाणवलं.

“अजून काय काय लपवलंयस माझ्यापासून?” त्यांनी विचारलं.

“मी कुठे लपवलं? तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली. “गिअर बदला.”

त्यांनी गिअर बदलला.