पोकळ ठिपका

“मी तुझ्या कशालाही हात लावलेला नाही,” कदिरवेल म्हणाला. “आता काय मरुदमलैच्या देवळात जाऊन कापूर लावून सांगू?”

“मग हे आपोआप झालं?”

“तुझ्याच हातून झालं असेल काहीतरी. प्रोग्राम तुझा, तो चालत नाही तोही तुझाच. मी मध्ये कुठे आलो?”

“मशीन दोघांचं आहे ना? म्हणून विचारतेय.”

“विचारत नाहीयेस, पोलिसासारखी उभी आहेस.”

“हळू बोला,” ओसरीवरून अरुक्काणी म्हणाली. पुढ्यात सूप घेऊन ती सांबारचे छोटे कांदे सोलत बसली होती. “शेजारणीनं टीव्ही बारीक केलाय, तुमचं नीट ऐकू यावं म्हणून.”

पूंगोडीनं सासूकडे आणि नवऱ्याकडे पाठ केली. ती परत खुर्चीत बसली. पडद्यावर एक्सेल उघडलेलं होतं. त्यात कोकिला मॅडमची शीट उघडलेली होती. तिनं मशीनला सांगितलं तसं सगळं झालं होतं, फक्त वरच्या पट्टीवर तिचा स्वतःचा मेनू नव्हता. पडद्यावरच मागे उघड्या असलेल्या दुसऱ्या खिडकीत, तिनं लिहिलेल्या ओळीच्या बाजूला एक लाल ठिपका होता, तो पोकळ होता. ठिपका भरलेला असला की प्रोग्राम चालता चालता तिथे येऊन थांबतो आणि आत काय चाललंय ते बघता येतं. पोकळ असला की त्या ओळीकडे कुणी फिरकलेलंच नाही, असा त्याचा अर्थ. बुधवारपासून तो पोकळ होता आणि आज शनिवार होता.

सोमवारी सकाळी तिला तिरुप्पूरच्या बनियन कंपनीत जाऊन हे काम दाखवायचं होतं. तिथल्या भाव काढायच्या विभागाच्या कोकिला मॅडम. कापडाचं वजन, सुताचा नंबर, रंगाई, शिलाई असं सगळं शीटमध्ये भरलं की पूंगोडीचा प्रोग्राम डझनाचा भाव काढून द्यायचा. आणि द्यायचाही बरोबर, एक जागा सोडून. तान्ह्या बाळांच्या सर्वांत लहान मापाला भाव यायचा तो नुसत्या सुताच्या किमतीपेक्षाही कमी. कुठेतरी एक आकडा वाकडा जात होता. तो कुठे जातोय हे बघायला प्रोग्राम त्या ओळीवर थांबवायला हवा होता, आणि तो तर आता एक्सेलमध्ये येतच नव्हता.

पूंगोडी त्रेचाळीस वर्षांची होती. तिचे वडील इरोडच्या हळदीच्या बाजारात मापाडी होते. कोईमतूरच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली तेव्हा त्यांनी सगळ्या तोलाईवाल्यांना जिलेबी वाटली होती. एक्सेलला जोडायचे छोटे प्रोग्राम करायचे, अ‍ॅड-इन म्हणतात त्यांना, हेच काम तिनं तिथे अकरा वर्षं केलं. मग अरुक्काणी न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि पूंगोडी थोडे दिवस घरी राहिली. नोकरी सोड असं तिला कुणी म्हटलं नाही. परत जा असंही कुणी म्हटलं नाही. मुलगी मोठी होऊन सेलमच्या हॉस्टेलवर गेली, अरुक्काणी काठी टाकून चालायला लागली, आणि अविनाशी गावातल्या त्यांच्या गल्लीत लोक पूंगोडीला ‘कंप्यूटर अक्का’ म्हणायचे ते वीजबिल भरून देते म्हणून.

पूर्वी ती आणि कोकिला एकाच बसनं जायच्या. एका लग्नात गाठ पडली आणि त्या ओळखीवर हे काम आलं. घरातल्यांनी हो म्हटलं, पण बोटांवर दिवस मोजत. कदिरवेलची सुताची दलाली होती. सूत गुंडाळलेल्या कोनांची खोकी पुढच्या खोलीत राहायची आणि त्याच खोलीत पूंगोडीचं टेबल होतं. “आडी महिना संपला की माल वाढणार,” तो म्हणाला होता. “तोवर तुझं काय ते मार्गी लागलं तर ठीक. नाही लागलं तर टेबल माळ्यावर टाकू.” तेव्हापासून खोकी दर आठवड्याला थोडी पुढे सरकत होती. आता तिची खुर्ची मागे घेतली की पाठ खोक्याला लागायची.

या कामात लाँच सेटिंग नावाचं एक पान असतं. तपासणीचं बटण दाबलं की काय काय व्हायला हवं ते त्यात लिहून ठेवायचं: कुठलं एक्सेल चालू करायचं, ते मशीनमध्ये कुठे ठेवलंय, त्यात कुठली शीट उघडायची. एकदा नीट लिहिलं की माणसाला काही बघावं लागत नाही, सगळं एकामागोमाग पुढ्यात येऊन उभं राहतं. घरात हेच काम पूंगोडी वर्षानुवर्षं न लिहिता करत आली होती. सासूचं गरम पाणी, मग नवऱ्याची कॉफी, मग दूधवाल्याची बरणी.

साहजिकच तिनं दोष त्या पानालाच दिला, कारण ते तिच्या हातचं होतं. एक्सेलचा पत्ता तिनं पुन्हा टाइप केला. शीटच्या नावात मोकळी जागा होती म्हणून नाव बदललं. पान पूर्ण पुसून नव्यानं लिहिलं. प्रोग्राम मुळापासून परत बांधला. मशीन बंद करून चालू केलं. दरवेळी एक्सेल शहाण्यासारखं उघडायचं, शीट उघडायची, आणि ठिपका पोकळ. जुन्या कंपनीत शेजारी वसंता बसायची. तिच्या टेबलावर पेन्सिल वाजवली की ती खुर्ची सरकवून यायची आणि दोघी मिळून शोधायच्या. इथे पेन्सिल कुठे वाजवणार? गुरुवारी रात्रीची भांडी घासताना पूंगोडीनं नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. आपली अक्कल गंजली, हे आता लोकांना कळणार. त्याआधी कोकिला मॅडमना कळणार.

“पुरे झालं ते,” आता अरुक्काणी दारात येऊन म्हणाली. हाताला कांद्याचा वास होता. “जेवायला वाढ. पोटात गेलं की डोकं चालेल. चाललं तर.”

“आले अत्तै.”

तिनं अरिसी-परुप्पुचा डाळभात वाढला, त्यावर तूप सोडलं. कदिरवेल जेवला, बोटं चाटून पुसली आणि हात धुऊन थेट मशीनपाशी गेला.

“जरा ऊठ म्हणणार होतो, पण तू उठलेलीच आहेस. पल्लडमच्या पार्टीची यादी काढतो. गाडी येईल इतक्यात.”

पूंगोडी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. त्यानं एक्सेल उघडलं, आपली यादी उघडली. तिनं वरची पट्टी पाहिली. तिथेही तिचा मेनू नव्हता.

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. प्रोग्राम या मशीनवर बांधला की त्याचा मेनू इथल्या प्रत्येक एक्सेलमध्ये यायचा, कदिरवेलच्यासुद्धा. त्यावरून तो कुरकुरायचा. माझ्या दारावर तुझं तोरण कशाला, म्हणायचा.

“तुमच्याकडचं तोरण कुठे गेलं?” तिनं विचारलं.

“गेलं ना!” तो खुशीत म्हणाला. “बुधवारपासून सुटलो. आता कसं लख्ख वाटतं.”

“कसं गेलं?”

“म्हणजे?”

“तुम्ही काय केलंत?”

“मी काही केलं नाही. त्यानंच विचारलं. यादी उघडायला गेलो तर मध्येच पाटी आली. अमुक अमुकनं गेल्या वेळी गडबड केली होती, ते बंद ठेवू का? इतकं नीट विचारलं, मी हो म्हटलं.”

 पूंगोडीला बुधवार आठवला. प्रोग्राम नुकताच सुरू होत होता, लाल ठिपक्यावर थांबला होता आणि त्याच्याबरोबर एक्सेलही थिजलं होतं. तेवढ्यात कदिरवेल येऊन खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. गाडी उभी आहे, पावती काढायचीय, ऊठ. तिनं थांबवायचं बटण दाबलं. एक्सेल अर्ध्यातच मेलं आणि त्या एक्सेलनंच मनात धरलं की या अ‍ॅड-इनमुळे मेलं. पुढच्या वेळी उघडताना त्यानं विचारलं. उत्तर द्यायला ती नव्हती. कंपनीत ज्याचं त्याचं मशीन असायचं, अशा प्रश्नाला नाही म्हणून पुढे जायचं, एवढंच तिला ठाऊक. आपल्या प्रश्नाचं उत्तर दुसरा कुणी देऊन टाकेल, हे तिथे कधी घडलंच नव्हतं.

“मी तीन दिवस रडतेय,” ती म्हणाली. “तुम्हाला एकदाही सांगावंसं वाटलं नाही?”

“तू काय विचारलंस? हात लावला का. हात कुठे लावला मी? एक प्रश्न आला, त्याला हो म्हटलं.”

“आणि नाव वाचलं नाहीत?”

तो यादीकडे बघत राहिला. नाव त्यानं वाचलं होतं, हे तिला त्याच्या मानेवरून कळलं.

“अगं, मला वाटलं माझ्यापुरतं बंद होईल,” तो म्हणाला. “तुझं तुझ्याकडे चालेल.”

“माझं कुठे वेगळं आहे?”

“आता नवऱ्याला फासावर देतेस का?” अरुक्काणी म्हणाली. “तो मुद्दाम करेल होय? लहानपणापासून तसाच आहे. कुणी नीट विचारलं की हो म्हणतो. तुला बघायला आलो तेव्हाही तसंच झालं.”

कदिरवेल हसला. पूंगोडीला हसू आलं नाही.

त्याची यादी निघाल्यावर ती बसली. एक्सेलच्या पर्यायांत खोल जाऊन तिनं बंद ठेवलेल्यांची यादी उघडली. त्यात एकच नाव होतं. तिनं ते निवडून परत चालू केलं, एक्सेल बंद केलं आणि तपासणीचं बटण दाबलं. लाँच सेटिंगमध्ये लिहिल्याप्रमाणे एक्सेल आलं, शीट आली, वरच्या पट्टीवर तिचा मेनू आला. ठिपका भरला. तिनं सर्वांत लहान माप निवडलं. प्रोग्राम चालता चालता त्या ओळीवर येऊन थांबला आणि एकेक आकडा तिच्यासमोर उघडा पडला. कापडाचं वजन बरोबर. सुताचा भाव बरोबर. आता एकेक पाऊल पुढे जायचं, बस. ती पुढे झुकली.

बाहेर हॉर्न वाजला.

“ऊठ, ऊठ,” कदिरवेल आत येत म्हणाला. “खोकी दोन जास्त लिहिली गेलीत. पावती बदलायचीय.”

“थांबा. आत्ताच सापडतंय.”

“अगं, ड्रायव्हर उभा आहे. तू काय दिवसभर बसणारच आहेस.”

“तुमचं एक्सेल आत्ता उघडणार नाही. हे थिजलेलं आहे. मध्येच बंद केलं तर परत तेच होईल.”

“मग नीट बंद कर ना! बंद कसं करायचं ते तरी येतं की नाही? येत नसेल तर मी वायर काढतो.” त्यानं खुर्चीची पाठ धरली, बुधवारी धरली होती तशी.

“दे गं त्याला,” अरुक्काणी म्हणाली. “त्याचं खरं काम आहे.”

पूंगोडीनं पडद्याकडे पाहिलं. आकडे अजून तिथेच होते. वाकडा कुठला ते तिला अजून दिसलं नव्हतं. अजून थोडं बसायला मिळालं असतं तर दिसलं असतं, की नसतंच दिसलं, हेही आता तिला सांगता आलं नसतं. तिनं प्रोग्रामला पुढे जाऊ दिलं. तो शेवटपर्यंत गेला आणि शीटवर तोच चुकीचा भाव येऊन बसला. तिनं शीट बंद केली, एक्सेल बंद केलं, रीतसर. मग तिनं आपलं सगळं काम पेन-ड्राइव्हवर उतरवलं आणि मशीनवरून आपला अ‍ॅड-इन काढून टाकला. कदिरवेल मागे उभा राहून घड्याळ बघत होता.

मागच्या अंगणात, आडी महिन्याच्या वाऱ्यात वाळत घातलेलं लुगडं सारखं तोंडावर येत होतं. ते एका हातानं बाजूला धरून तिनं फोन लावला.

“मॅडम, सोमवारी दाखवायला जमणार नाही. लहान मापाचा भाव अजून चुकतोय. चूक मला सापडली नाही.”

“तू तर म्हणाली होतीस, एका दिवसाचं काम.”

“म्हणाले होते.”

पलीकडे कोकिला मॅडम कुणाला तरी डझनाचे आकडे परत मोजायला सांगत होत्या. मग म्हणाल्या, “हे बघ मा, शुक्रवारी मालक तयार सॉफ्टवेअर घेणार आहेत. चेन्नईचा माणूस येऊन गेला. मी त्यांना थांबवू शकत नाही.”

“तुमच्याकडे एखादं रिकामं मशीन आहे का? मी तिथे येऊन बसते. सोमवारपासूनच.”

“मशीन आहे. पंखा नाही त्या कोपऱ्यात.”

“चालेल.”

“आणि शुक्रवारपर्यंत नाही सापडलं तर मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही. आत्ताच सांगते.”

“नका बोलू,” पूंगोडी म्हणाली.

ती आत आली. गाडी गेली होती. कदिरवेल एक्सेलसमोर बसला होता, वरची पट्टी लख्ख होती. अरुक्काणी सोललेले कांदे भांड्यात ओतत होती.

“सोमवारपासून मी सातच्या बसनं तिरुप्पूरला जाणार,” पूंगोडी म्हणाली. “संध्याकाळी येईन. शुक्रवारी तिथलं काम राहिलं नाही, तर दुसरीकडे शोधीन, पण जाईन. अत्तै, तुमचं पाणी हे तापवतील. टेबल आजच माळ्यावर टाका.”