चांगल्या गुडघ्यावरची पट्टी

अर्लिस प्रिचर्डला आळशी माणूस एक वेळ चालायचा, अर्धं काम करणारा चालायचा नाही. आळशी निदान वाटेत येत नाही, असं तो म्हणे. नदीकाठच्या पाइपच्या कारखान्यात त्यानं उमेदीची सगळी वर्षं वेल्डिंग केलं. पाळी संपली की तोंडावरची काजळी तशीच ठेवून तो कोल्टन रन कॉलेजच्या मैदानावर यायचा आणि अमेरिकन फुटबॉलच्या पोरांना, म्हणजे पुढच्या रांगेतल्या पाच आडदांड पोरांना, रेटायला शिकवायचा. पुढे कारखाना बंद पडला. मैदान राहिलं. कॉलेजनं त्याला निम्म्या पगारावर कायम केलं आणि त्यानं तक्रार केली नाही.

त्या पाच पोरांसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. लोक चेंडूकडे बघतात. अर्लिस पायांकडे बघायचा. कुणाचा पाय अर्ध्या वितीनं मागे पडला की तो शिट्टी फुंकायचा आणि सगळ्या रांगेला पुन्हा चिखलात बसवायचा.

"कोच, पाय घसरला," एखादा म्हणे.

"घसरला नाही. तू ठेवलाच नव्हतास."

पोरं त्याला भ्यायची. आवडायचा मात्र फार थोड्यांना.

पुलापलीकडे मेरिट फोर्ड. दोन्ही गावं एकाच नदीचं पाणी पितात आणि एकमेकांना पाण्यात पाहतात. कोल्टन रनचा माणूस गाडीतलं पेट्रोल संपत आलं तरी पुलापलीकडे भरत नाही, ढकलत आणील. पलीकडची सून घरात आली तर चालते, पण सामन्याच्या शनिवारी तिला तिच्या रंगाची टोपी घालून टेबलाशी बसू देत नाहीत. हे चेष्टेत सांगतात, पण करतातही.

त्या मेरिट फोर्डच्या बचावाचा कोच होता रँडल केसलर. हा केसलर मूळचा कोल्टन रनचा. अर्लिसच्याच हाताखाली तो डावा टॅकल म्हणून खेळला होता. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे उघडी पडते. ती पाठ राखायची ती डाव्या टॅकलनं. रांगेतली सर्वांत अवघड जागा. शेवटच्या वर्षी केसलरचा गुडघा दुखावला. इजा बघणाऱ्या ट्रेनरची एक जुनी रीत आहे: ज्या पोरानं आता खेळू नये त्याचं हेल्मेट काढून लपवायचं. पोराशी वाद घालण्यात अर्थ नसतो, तो खेळतो म्हणणारच. हेल्मेट नसलं की मैदानात जाता येत नाही. तसं केसलरचं हेल्मेट पाण्याच्या पिंपामागे लपवलं होतं. अर्लिसनं ते शोधून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. केसलर आत गेला. सामना जिंकला. गुडघा गेला.

"त्यानं मागितलं, मी दिलं," अर्लिस म्हणायचा. याहून जास्त तो त्या विषयावर कधी बोलला नाही. केसलर पूल ओलांडून गेला आणि परत आला तो दर ऑक्टोबरला, समोरच्या बाजूनं.

यंदाच्या ऑक्टोबरातही कोल्टन रन मेरिट फोर्डकडून हरलं. हरण्यापेक्षा वाईट म्हणजे क्विलन मॉस जायबंदी झाला. क्विलन हा आताचा डावा टॅकल, अर्लिसनं घडवलेल्यांतला सर्वांत चांगला. ढिगाऱ्याखाली त्याचा डावा गुडघा पिळवटला. तो बाकावर बसून राहिला तेवढ्या आठवड्यांत संघ कसाबसा जिंकत राहिला आणि डिसेंबरात विजेतेपदाच्या सामन्यात पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. सामना कोल्टन रनच्या मैदानावर. क्विलन म्हणाला, मी खेळणार. डॉक्टरनं पाय वाकवून, सरळ करून पाहिला आणि म्हणाला, आधाराची पट्टी घालून खेळू दे, पण दुखलं की बाहेर.

सामन्याच्या सकाळी पट्ट्या बांधायच्या खोलीत अर्लिस आला तेव्हा ट्रेनर रेनाटा वास्को क्विलनच्या डाव्या गुडघ्यावर धातूच्या पट्ट्यांचा जाड आधार चढवत होती.

"तो उजव्याला घाल," अर्लिस म्हणाला.

रेनाटानं मान वर केली नाही. "उजवा चांगला आहे."

"म्हणूनच. समोरच्यांना जो गुडघा बांधलेला दिसेल त्यावर ते जातील. चांगल्यावर जाऊ देत. दुखऱ्याला आतून कातडीच्या रंगाची टेप मार, विजारीखाली दिसणार नाही."

"आणि दुखरा सांभाळणार कोण? टेप?"

"मी सगळ्या लंगड्यांना असंच उतरवलंय. कुणालाही विचार."

"ज्यांना विचारायचं ते जिना उतरताना कठडा धरतात," रेनाटा म्हणाली. "तुम्हाला गुडघा लपवायचाय, मला टिकवायचाय. डॉक्टर आधार म्हणाले ते याच पायासाठी."

"डॉक्टर रांगेत उभा राहत नाही."

"तुम्हीही राहत नाही."

क्विलन बाकावर पाय पसरून पेपरोनी रोल खात होता. "कोच म्हणतात तसं बांधा, मॅडम," तो म्हणाला. "मला ऑक्टोबरचं उट्टं काढायचंय. ते त्या बाजूला गेले तर मला बरंच आहे."

रेनाटानं आधार काढला आणि टेबलावर आपटला. मग उजव्या पायाला घातला. ती म्हणाली, "आज याचं हेल्मेट माझ्या डोळ्यांसमोर राहील. तुमच्यासारख्यांमुळे."

अर्लिस घरी जेवायला गेला तेव्हा त्याच्या बायकोनं, ओपलनं, त्याच्यापुढे हरणाच्या मांसाचा रस्सा ठेवला आणि स्वतः उभीच राहिली.

"मॉसची आई चर्चमध्ये माझ्या बाजूला बसते," ती म्हणाली. "काल विचारत होती, पोराचा पाय बरा झाला ना, म्हणून."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, अर्लिसला विचार. तर म्हणाली, त्याला काय विचारायचं, तो केसलरलाही बरा आहे असंच म्हणाला होता."

अर्लिसनं पाव मोडला. "ते पोर स्वतःच खेळतो म्हणतंय."

"पोरं म्हणणारच. म्हणून तर तिथं म्हातारे ठेवतात."

तो न जेवताच उठला असता, पण अन्न टाकणं त्याला जमत नसे. संपवूनच गेला.

थंडी अशी होती की तोंडातली वाफ दाढीवर गोठत होती. पुलापलीकडचे लोक आले होते आणि आपल्या बाजूच्या बाकांवरून शिव्या ओतत होते. अलीकडचे त्यांना व्याजासकट परत करत होते. पहिला अर्धा भाग क्विलन डोंगरासारखा उभा राहिला. त्याच्या मागं क्वार्टरबॅकला एवढा वेळ मिळाला की अर्लिसच्या बाजूला उभा असलेला मुख्य कोच ब्राइस हॉलंडर म्हणाला, "ऑक्टोबरात हा टिकला असता तर ही वेळच आली नसती."

मेरिट फोर्डची पोरं क्विलनच्या बांधलेल्या उजव्या पायावर जात होती. धडका बसत होत्या आणि आधार त्या पेलत होता. अर्लिस मनात खूश होता. युक्ती जुनी होती, पण जुनं पोलाद वाईट नसतं.

मध्यांतरानंतर ते थांबलं.

समोरचा तगडा पोरगा आता खांदा खाली घालून थेट क्विलनच्या डाव्या गुडघ्यात शिरू लागला. बिनपट्टीच्या दिसणाऱ्या, सपाट विजारीखालच्या गुडघ्यात. रेफरीला दोष काढावा असं त्यात काही नव्हतं. खाली वाकून रेटणं गुन्हा नाही. पहिल्यांदा अर्लिसला वाटलं, योगायोग. दुसऱ्यांदा त्यानं समोरच्या कडेला पाहिलं. केसलर आपल्या पोराला काही ओरडून सांगत नव्हता. तो एका हातानं स्वतःचा डावा गुडघा थोपटत होता, एवढंच. आणि बघत होता तो अर्लिसकडे.

तेव्हा अर्लिसला कळलं. शेवटच्या सामन्यात केसलरच्याही चांगल्याच गुडघ्यावर जाड पट्टी होती. त्यानंच, अर्लिसनं, स्वतःच्या हातानं ती गुंडाळली होती. इतकी वर्षं दर लंगड्याला तेच करत आला आणि एकदाही डोक्यात आलं नाही की ही पट्टी ज्यानं पायावर वागवली तो आता समोर उभा आहे. केसलर अर्धा सामना वाट पाहत होता. आधी त्यानं पोरांना बांधलेल्या पायावर सोडलं, म्हणजे अर्लिस निर्धास्त होईल.

"आधार डाव्याला बदल," अर्लिसनं रेनाटाला सांगितलं.

"चालू सामन्यात? एवढा वेळ देणार कोण? सकाळी वेळ होता."

पुढच्याच डावात क्विलन खाली गेला. ढीग उठला तरी तो गुडघ्यावरच होता. मग उठला, एकटा, हात झटकत. चालत कडेला आला. जगाच्या दृष्टीनं तो नीट चालत होता. अर्लिस पायांकडे बघत होता. डावा पाय जमिनीला लागत होता, पण वजन घेत नव्हता.

"काही नाही झालं," क्विलन म्हणाला. "श्वास घेतो न् जातो."

त्यानं हेल्मेट काढून बाकावर ठेवलं आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. चार गुणांनी मागं, शेवटचा पाव भाग, चेंडू कोल्टन रनकडे. रेनाटा पलीकडे एका रक्तबंबाळ नाकाशी गुंतली होती. तिचं इकडे लक्ष नव्हतं.

अर्लिसनं हेल्मेट उचललं, बाकाच्या टोकाशी ठेवलं आणि त्यावर बसला.

क्विलनला आधी थट्टा वाटली. "कोच, हेल्मेट."

"डॉर्सी जाईल."

"डॉर्सी? तो दार तरी धरू शकतो का उघडं? उठा कोच."

"पाय टेक. पूर्ण."

क्विलननं टेकला. त्याचं तोंड पांढरं पडलं, तरी तो म्हणाला, "टेकला. आता उठा."

"अर्धाच टेकलास."

"तुमच्या बापाचं आहे का ते हेल्मेट? मी ऑक्टोबरपासून यासाठी थांबलोय. तुम्हीच म्हणायचात ना, दुखणं अंगावर काढायचं असतं, घरी न्यायचं नसतं?"

"म्हणायचो."

हॉलंडर धावत आला. "मॉस आत का नाही?"

"त्याचा गुडघा गेलाय."

"तो उभा आहे माझ्यासमोर."

"उभा राहणं वेगळं."

"प्रिचर्ड, उठ." हॉलंडर एरवी त्याला तुम्ही म्हणायचा. "सकाळी तूच सांगितलंस तो खेळेल. ती मूर्ख पट्टीची कल्पना तुझी. आता इथं बसून तू साधू होतोयस?"

"नाही," अर्लिस म्हणाला. "बसलोय फक्त."

"उद्या तुला इथं काम नाही, समजलं?"

"समजलं."

मागच्या बाकांवरून कुणी तरी बर्फाचा गोळा मारला. तो अर्लिसच्या मानेवर फुटून कॉलरीत गेला. मारणारा आपल्याच गावचा होता. क्विलननं दोन्ही हातांनी त्याचा कोट धरून ओढला. पोराचं वजन त्याच्या दुप्पट. पण एका पायावर उभं राहून ओढताना जोर येत नाही. तो मागं कोलमडला आणि बाकावर बसला. मग उठला नाही.

डॉर्सी आत गेला. त्यानं दोन डाव धरले, खरं तर अपेक्षेपेक्षा चांगले. तिसऱ्यात तोच तगडा पोरगा त्याला वळसा घालून गेला आणि क्वार्टरबॅकला पाठीमागून आडवा केला. चेंडू सुटला. मेरिट फोर्डनं उचलला. तिथं सामना संपला. घड्याळ नंतर संपलं.

कोल्टन रनची माणसं उठून गेली. जाता जाता बऱ्याच जणांनी अर्लिसला नावानं काय काय सांगितलं. त्यातल्या काहींच्या घराच्या पाइपांचे जोड त्यानं फुकट जोडून दिले होते. रेनाटा आली. तिनं क्विलनचा डावा गुडघा दाबून, हलवून पाहिला आणि म्हणाली, "सुजलाय. पण जागेवर आहे." मग अर्लिसकडे बघून म्हणाली, "सकाळी माझं ऐकलं असतंत तर हा अजून आत असता." ते खरं होतं.

रिवाजाप्रमाणे दोन्हीकडचे कोच मैदानाच्या मध्ये हात मिळवायला गेले. केसलरनं हॉलंडरशी हात मिळवला. अर्लिसपुढे तो थांबला आणि हात खिशात घातले.

"तुझी पोरं नीट शिकलीत," अर्लिस म्हणाला.

"शिकवलेलं तुझंच आहे." केसलरचं तोंड जिंकलेल्या माणसासारखं नव्हतं. "मला वाटलं, त्याला पाठवशील. पैज लावायला तयार होतो. तू त्याला पाठवणार आणि सगळ्या गावासमोर त्याचा पाय जाणार, तुझ्या हातानं."

"म्हणजे पाय मोडायलाच पाठवलंस पोराला."

"तू मोडायला पाठवायचास ते तुझ्याच पोरांना." केसलर जवळ आला. "माझं हेल्मेट पिंपामागून तू काढलंस. ते आत्तासारखं बुडाखाली का नाही घेतलंस?"

अर्लिसनं विचार केला. त्याला खोटं बोलायचं नव्हतं. "तेव्हा मला जिंकायचं होतं," तो म्हणाला.

"आणि आज?"

"आजही होतं."

केसलर थुंकला, अर्लिसच्या बुटापासून बोटभर दूर, आणि निघाला.

कपडे बदलायच्या खोल्या मैदानाच्या खाली आहेत. दोन्ही संघ त्याच एका लोखंडी जिन्यानं उतरतात. केसलर कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवा होऊन, प्रत्येक पायरीवर थांबत उतरला. चांगला पाय खाली, मग दुसरा ओढून त्याच्या शेजारी. त्याची पोरं मागं मुकाट थांबली होती.

त्यांच्यानंतर क्विलन आला. अर्लिसनं हेल्मेट पुढं केलं. क्विलननं ते घेतलं नाही. "तुझ्यासोबत पुरून घे," तो म्हणाला आणि उतरू लागला. तो लंगडत होता, शिव्या देत होता, आणि कठड्याला हात न लावता उतरत होता. एका पायरीवर एक पाय, पुढच्या पायरीवर दुसरा.

तो दिसेनासा होईपर्यंत अर्लिस जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला.