चेंडूवेडं कुत्रं आणि निळ्या खुणेची मेंढरं

नव्वदच्या दशकात लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्यासोबत माहेरची भांडी आली आणि एक कुत्रं आलं. भांडी निदान गप्प बसायची.

औंढ्याच्या दुकानातला रबरी चेंडू म्हणजे त्याचा जीव की प्राण. तो हाती लागला नाही तर कांदा, लिंबू, सासूबाईंचा लोकरीचा गोळा, जे गोल ते त्याचं. सासरी मेंढरांचा धंदा, पण राखणीच्या नावानं बोंब. एकदा खतासाठी शेतात मेंढरं बसवा म्हणून सांगायला एक शेतकरी आला, तर ह्यानं लाळेनं भिजलेला चेंडू थेट त्याच्या चहाच्या बशीत टाकला. सासरे उखडले.

"येत्या बाजारला ह्याला वारंगा फाट्यावर सोडून येतो. चोर आला तर त्याच्यासंगं बी खेळत बसंल!"

मला रडूच फुटलं. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. मग मी हट्टाला पेटले.

संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, कोंडायची असत. शेवटचं मेंढरू आत गेल्याशिवाय मी पदराखालचा चेंडू काढायचीच नाही. कुत्रं बेरकी. लवकरच ते रेंगाळणारी कोकरं नाकानं आत ढकलू लागलं. सासरे लांबून बघायचे.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मेंढरं आत शिरली आणि शिरतच राहिली. आमच्या मेंढरांच्या पाठीवर लाल खूण, आणि ही तर निळ्या खुणेची! शेजारी उतरलेल्या मेंढपाळांच्या तळावरचा अख्खा कळप हाकून आणून कुत्रं माझ्यापुढे जीभ काढून बसलं होतं. मला हसावं की पळावं कळेना.

मागोमाग त्यांचा मालक काठी घेऊन आला. "काहून हो, आमची मेंढरं चोरून राहिले व्हय?"

सासऱ्यांनी नुसतं कुत्र्याकडे बोट दाखवलं. मालक बघतच राहिला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"हे मला द्या. बदल्यात गाभण मेंढी घ्या."

मी चेंडू पदराखाली घट्ट धरला. उद्या फुकट सोडायच्या कुत्र्यावर मेंढी मिळत होती. मीच त्याला शहाणं केलं होतं.

सासऱ्यांनी माझ्यापुढे हात केला. मी चेंडू दिला. त्यांनी तो लांब फेकला, कुत्रं सुसाट सुटलं.

"तुमची मेंढरं न्या," ते म्हणाले. "कुत्रं माझं न्हाई, सुनंचं हाय. तिला इचारा."

"न्हाई!" मी इतक्या जोरात म्हणाले की दोन्ही कळप बिचकले. सासऱ्यांसमोर माझा आवाज पहिल्यांदाच चढला होता, आणि ते हसत होते.