मोडक्या इंग्रजीतला जनरल

मी मुळात हळू बोलतो. जेवताना एखादी गंमत सांगायला तोंड उघडावं, तोवर सून ताटं उचलायला लागते. त्यामुळे माझे किस्से सांगायचे राहतात आणि साठत जातात. मंगळवारच्या वर्गातले तर इतके साठलेत की आता लिहूनच काढतो. लिहिताना निदान कोणी मध्येच उठून जात नाही.

वर्ग म्हणजे सिडनीतल्या हॅरिस पार्क या आपल्या लोकांच्या वस्तीजवळच्या लायब्ररीतला, म्हाताऱ्यांना इंग्रजी बोलायला शिकवणारा. फुकट. हेलनबाई शिकवतात, त्या स्वतःही सत्तरीच्या. नियम एकच, दाराच्या आत फक्त इंग्रजी. मी सातवी पास. ठाण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली आणि बायको गेल्यावर मुलाकडे सिडनीला आलो. मुलगा-सून सकाळी मेट्रोने गेले की घरात फ्रीजचा आवाज तेवढा. फॉर्म सुनेनेच भरला. "बाबा, जाऊन तर बघा," म्हणाली. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

*

वर्गात इलियास आणि जोसेफ असे दोघे लेबनॉनचे. दोघांची गावं एकाच डोंगरावर. पहिल्या दिवसापासून बघतोय, दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून. जनरल!

आता जनरल म्हटलं की आपल्याला काय आठवणार? जनरल शिफ्ट, जनरल वॉर्ड. एकदा जोसेफ डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "जनरल किल माय ब्रदर." माझी बायको जनरल वॉर्डातच गेली. मला भरून आलं. मी म्हणालो, "येस. इन जनरल, नोबडी लुकिंग. ऑल्वेज टेक स्पेशल रूम."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हेलनबाईंनी फळ्यावर टोपीवाला, मिश्यांचा माणूस काढला आणि मला समजावलं. जनरल म्हणजे सेनापती. त्यांच्या देशात यादवी झाली, भाऊ भावावर उठला, त्यातला हा एक सेनापती. इलियास त्याच्या सैन्यात ट्रक चालवायचा. त्याच्या मते जनरलने अख्खा डोंगर वाचवला. आणि जोसेफचा भाऊ त्याच सैन्याच्या तोफगोळ्याने गेला. बेकरीसमोर पावाच्या रांगेत उभा होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सगळ्यात आधी जोसेफच हसला. पुढे वर्गात कोणाला नुसती शिंक आली तरी तो म्हणायचा, "टेक स्पेशल रूम!"

*

मी वर्गात यायच्या आधी ते दोघं एकदा अरबीत भांडले होते म्हणे. बाहेर पार्किंगमध्ये. प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं. तेव्हापासून दोघांनी आपसात अरबी बंदच करून टाकली. बस स्टॉपवरसुद्धा इंग्रजी.

आणि इंग्रजी दोघांचं माझ्यासारखंच मोडकं, त्यांच्या नातवंडांकडून उचललेलं. एकदा जोसेफला फार राग आला. बराच वेळ तो शब्द शोधत राहिला. शेवटी बोट रोखून म्हणाला, "युवर जनरल व्हेरी नॉटी."

इलियास लालबुंद. "नो नॉटी. स्ट्रिक्ट."

"नॉटी."

"स्ट्रिक्ट."

हेलनबाईंनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले आणि सगळ्यांकडून स्पेलिंग पाठ करून घेतलं. मी मनात म्हटलं, देवा, यांचं इंग्रजी याहून सुधारू देऊ नकोस.

*

पण हेलनबाईंना वाटलं, भांडायचंच आहे तर रीतसर वाद घाला. आणि बाजू उलट्या दिल्या. जोसेफने जनरलच्या बाजूने बोलायचं, इलियासने विरुद्ध.

जोसेफ उठला. शर्ट खाली ओढून नीट केला. मग म्हणाला, "जनरल... गुड शूज." वर्ग हसला.

इलियास उठला, पण त्याच्या तोंडून काही येईना. बाई म्हणाल्या, एक वाक्य पुरे. तो मान हलवून म्हणाला, "आय कॅनॉट." आणि खाली बसला.

तेव्हा जोसेफ ताडकन उठला आणि इलियासकडे बोट रोखून अरबीत ओरडला, मध्ये मध्ये 'माय ब्रदर' म्हणत. त्याला त्या जनरलचं काही नको होतं. इलियासने एकदा तरी म्हणावं की तुझ्या भावावर अन्याय झाला, एवढंच त्याला हवं होतं. हे कळायला अरबी यायची गरज नव्हती.

बाईंनी वर्ग तिथेच थांबवला. म्हणाल्या, आता दोघांपैकी एकाला शुक्रवारच्या वर्गात जावं लागेल.

*

त्याच आठवड्यात हॅरिस पार्कच्या मिठाईच्या दुकानात जोसेफने मला गाठलं. आपली बर्फी त्याला फार आवडते. म्हणाला, तू टीचरला सांग, इलियासला शुक्रवारी पाठवू नका. मी विचारलं, का रे बाबा?

"ही गो फ्रायडे, हू आय फाइट?"

दोन दिवसांनी त्याच फुटपाथवर इलियास भेटला. म्हणाला, जोसेफला शुक्रवारी नका पाठवू, शुक्रवारी त्याचा गुडघ्याचा डॉक्टर असतो. आणि दोघांनीही मला बजावलं, त्याला सांगू नकोस मी म्हणालो म्हणून.

पुढच्या मंगळवारी मी बाईंसमोर उभा राहिलो. घरून चांगली चार वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती तिथे विसरलो. "टीचर," मी म्हणालो, "नो फ्रायडे. प्लीज. ऑल ट्यूज्डे."

बाईंनी हातातलं डस्टर खाली ठेवलं. मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "नो वरीज, मेट."

या वयात, परक्या मुलखात, मला कोणी मेट, म्हणजे दोस्त, म्हणेल असं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर बायकोच्या फोटोला सांगितलं.

*

आणि हा किस्सा गेल्या महिन्यातला. वर्ग सुटला होता. आम्ही तिघं बस स्टॉपच्या बाकावर, मी मध्ये. इलियास एकदम जोसेफकडे वळला आणि अरबीत बोलायला लागला.

मी घाबरून उठायला गेलो, तर त्याने माझं मनगट धरून मला बसवलं आणि बोलत राहिला. ओरडत नव्हता. खाली बघून, हळू, अडखळत बोलत होता. मी कान देऊन ऐकत होतो. इतका वेळ बोलला, पण त्यात जनरल हा शब्द, जो त्यांच्या अरबीतही जनरलच आहे, एकदाही आला नाही.

बस आली. दार उघडलं. कोणीच उठत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरने दार लावलं आणि बस गेली.

इलियास थांबला. जोसेफने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग इंग्रजीत म्हणाला, "अगेन. स्लोली."

आणि इलियासने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.